बातम्या आणि लिंका वाटणारी स्वतःची साइट कशी चालवायची

दिवसभर नेटवर आपण काहीबाही वाचत असतो, त्यातलं बरंचसं विसरूनही जातो, पण मधेच असं काहीतरी हाती लागतं की कोणाला तरी पाठवल्याशिवाय राहवत नाही. मग ते ग्रुपवर टाकायचं, दोन अंगठे येतात, आणि संध्याकाळपर्यंत ते शेकडो मेसेजच्या खाली गाडलं जातं. सहा महिन्यांनी तेच परत हवं असेल तर शोधत बसा. यावर मला पटलेला उपाय एकच, स्वतःची एक साधी साइट, जिच्यावर रोज किंवा जमेल तेव्हा अशी सापडलेली गोष्ट, तिची लिंक, तिच्याशी संबंधित दोनचार लिंका, आणि आपण हे का टाकतोय त्याच्या चार ओळी.

प्रकार काही नवा नाही. डेव्ह वायनर यांची स्क्रिप्टिंग न्यूज नावाची साइट १९९७ पासून चालू आहे, जेसन कॉटकी यांची साइट १९९८ पासून. त्याच १९९८ मध्ये डेनिस डटन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी आर्ट्स अँड लेटर्स डेली काढली, रोज फक्त तीन लिंका, प्रत्येकीवर दोनतीन वाक्यं, बास. सोशल मीडिया आला, अनेक साइटचं नवं लिखाण एका जागी वाचायचं गूगल रीडर आलं आणि १ जुलै २०१३ ला बंदही झालं, पण या साइट राहिल्या. का राहिल्या याचं उत्तर माझ्या मते त्या दोनतीन वाक्यांत आहे. लिंक कोणीही देतं, मशीनसुद्धा देतं. आपण ते शेवटपर्यंत वाचलंय आणि त्यात काय आहे ते सांगतोय, हे वाचणाऱ्याला कळलं की तो परत येतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

वाचल्याशिवाय टाकायचं नाही

हा पहिला नियम आणि यात सूट नाही. हेडिंग वाचून टाकलेली लिंक लगेच ओळखू येते, कारण तिच्यासोबत सांगायला काही नसतं, मग "भारी आहे", "नक्की वाचा", "डोळे उघडणारं" असलं काहीतरी लिहावं लागतं. एक उदाहरण घेऊ म्हणजे नीट कळेल. व्हॉयेजर १ यान बिघडून परत सुरू झालं ती बातमी. एक नोंद अशी होऊ शकते: "नासाची कमाल! ४६ वर्षं जुनं यान पुन्हा जिवंत. जरूर वाचा." आता हे वाचून मला काय कळलं? यान जुनं आहे आणि नासाने काहीतरी केलं. आणि दुसरी अशी:

"१९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ नोव्हेंबर २०२३ पासून पृथ्वीवर नुसते अर्थहीन आकडे पाठवत होतं. कारण सापडलं, यानावरच्या एका कॉम्प्युटरच्या मेमरीतली एक चिप गेली होती. २,४०० कोटी किलोमीटरवर जाऊन ती बदलता येणार नाही, म्हणून इंजिनिअर लोकांनी त्या चिपवर असलेला कोड तुकडे करून मेमरीत जिथे जिथे जागा होती तिथे बसवला. निरोप एका बाजूने पोचायलाच साडेबावीस तास. २० एप्रिल २०२४ ला यानाने आपली तब्येत कशी आहे ते परत नीट कळवलं. तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवूनही ते एकत्र चालावेत म्हणून काय काय बदलावं लागलं तो भाग मुद्दाम वाचा."

दुसरी नोंद वाचणाऱ्याने लिंक उघडली नाही तरी त्याच्या हाती काहीतरी लागलं, आणि उघडली तर नेमकं कुठे बघायचं ते माहितीये. काही जणांना वाटतं एवढं सगळं सांगितलं तर लोक मूळ लेखाकडे जाणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे, त्यात नक्की काय आहे ते कळलं की ज्याला खरंच रस आहे तो जातोच, आणि ज्याला नाही त्याचा वेळ वाचतो, दोघंही खूश. हेडिंगमध्ये अर्धवट सांगून क्लिक करायला लावणं हे आपल्या साइटवर नको, त्यासाठी बाकीचं नेट आहे.

नोंद किती मोठी? चार ते सहा वाक्यं पुरतात. पहिल्या वाक्यात गोष्ट काय आहे, मग त्यातला असा तपशील जो हेडिंगमध्ये नाही, आणि शेवटी तुमचं मत, असेल तर. मत नसेल तर ओढूनताणून आणू नका. पण असेल तर ते बिनधास्त लिहा, "हा लेख पहिल्या निम्म्यात कंटाळवाणा आहे पण आकडेवारीनंतरचा भाग सोडू नका" हे वाक्य कुठलाही अल्गोरिदम लिहून देत नाही. आणि सारांश मशीनकडून करून घेऊन चिकटवायचा मोह होईल, तो टाळा. कारण साधं आहे, मशीनच्या सारांशात चूक असेल तर ती तुम्हाला कळणार नाही, कारण मूळ तुम्ही वाचलेलंच नसेल.

लेखातला उतारा द्यायचा असेल तर एखादा परिच्छेद, तोही अवतरणात, वेगळा दिसेल असा. अख्खा लेख उचलून खाली "साभार" लिहिणं म्हणजे लिंक देणं नव्हे, ती चोरीच आहे, आणि कायद्याच्या भानगडीत पडलात तर "साभार" कामाला येत नाही. फोटोचंही तसंच. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा फोटो थेट आपल्या पानावर ओढून दाखवणं तर दुहेरी वाईट, बिल त्याचं आणि उद्या त्याने फोटो बदलला की तुमच्या पानावर काय दिसेल ते तोच ठरवणार. विकिमीडिया कॉमन्सवर भरपूर फोटो वापरायला मोकळे आहेत, फक्त प्रत्येकाखाली लायसन्स लिहिलेलं असतं ते वाचा, बऱ्याच फोटोंना काढणाऱ्याचं नाव आणि लायसन्स देणं सक्तीचं असतं.

बातमीच्या मुळापर्यंत जायचं

एक बातमी साधारण अशी फिरते: कोणीतरी रिपोर्ट किंवा संशोधनाचा पेपर छापतं, त्यांच्या संस्थेचं प्रेस रिलीज निघतं, एजन्सी त्यावरून बातमी करते, पंचवीस साइट ती एजन्सीची बातमी थोडी थोडी बदलून टाकतात, आणि आपल्यापर्यंत येते ती पंचविसावी. तुम्ही लिंक द्यायची ती शक्य तितकी पहिलीच्या जवळची. बातमीत "एका अभ्यासानुसार" असं असेल तर तो अभ्यास शोधा, पेपरला बहुतेक वेळा डीओआय नावाचा ओळख नंबर असतो, तो १० ने सुरू होतो, तो मिळाला की पेपर मिळाला. पूर्ण पेपर पैसे भरल्याशिवाय दिसत नसेल तरी सुरुवातीचा सारांश सहसा फुकट असतो, आणि तेवढ्यातसुद्धा कळतं की प्रयोग माणसांवर होता का उंदरांवर, किती जणांवर होता, आणि लेखकांनी खरंच तेवढा मोठा दावा केलाय का तो बातमी लिहिणाऱ्याने वाढवला. आर्काइव्ह (arXiv.org, एक्स घालून लिहितात ती साइट, इंटरनेट आर्काइव्ह नव्हे) इथला पेपर वेगळा ओळखा, तिथे पेपर तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच ठेवता येतो. त्यात वाईट काही नाही पण "अजून तपासणी झालेली नाही" एवढे शब्द नोंदीत हवेत.

मूळ फार रूक्ष असेल आणि एखाद्या पत्रकाराने ते छान समजावून सांगितलं असेल तर मुख्य लिंक पत्रकाराच्या लेखाची द्या आणि मूळ शेजारी. हा निर्णय दर वेळी वेगळा होतो. माझा हिशोब असा की ज्याने कष्ट घेतले त्याला लिंक, ज्याने नुसतं परत टाइप केलं त्याला नाही.

तारीख बघा. हे इतकं साधं आहे की लोक बघतच नाहीत, आणि पाच वर्षांपूर्वीची बातमी आजची म्हणून फिरते. जुनी गोष्ट टाकायला काहीच हरकत नाही, उलट जुन्या चांगल्या गोष्टी शोधून काढणं हे अशा साइटचं खास काम आहे, फक्त साल लिहा. फोटो संशयास्पद वाटला तर टिनआय किंवा गूगल लेन्स अशा फोटो शोधणाऱ्या साधनात टाकून तो आधी कुठे आलाय ते बघा, दोन मिनिटांचं काम. आणि ज्या साइटबद्दल काहीच माहीत नाही तिच्या "आमच्याविषयी" पानावर विश्वास ठेवण्यापेक्षा दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते शोधा, बातम्या तपासणारे लोक असंच करतात.

मोठी दुर्घटना, निवडणुकीची रात्र, कुठे गोळीबार, अशा वेळी काही टाकू नका. पहिल्या काही तासांत जे येतं त्यातलं बरंच नंतर बदलतं आणि तुमच्या छोट्या साइटकडे तसंही कोणी ताज्या बातमीसाठी येत नाही. दोन दिवसांनी, आठवड्याने, त्यावर जे सगळ्यात नीट लिहिलेलं असेल ते शोधून द्या.

संबंधित लिंका: इथेच खरी मजा

एकटी बातमी म्हणजे एक खिडकी. तिच्या शेजारी अजून दोन लिंका ठेवल्या की वाचणाऱ्याला आजूबाजूचं दिसायला लागतं. पण "संबंधित" म्हणजे त्याच बातमीच्या अजून चार आवृत्त्या नव्हेत, एकच गोष्ट पाच वर्तमानपत्रांत वाचून काय मिळणार. प्रत्येक लिंकने वेगळं काम करायला हवं.

परत व्हॉयेजरच घेऊ. मुख्य लिंक, समजा, नासाच्या स्वतःच्या निवेदनाची. मग एक लिंक अशी जी वाचणाऱ्याला काहीतरी बघायला किंवा करायला देईल, इथे डीप स्पेस नेटवर्क नाऊ नावाचं पान आहे, गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या अँटेना आत्ता या क्षणी कुठल्या यानाशी बोलतायत ते त्यावर लाइव्ह दिसतं, नशीब असेल तर व्हॉयेजरचं नावही दिसेल. आणि एक लिंक मागच्या इतिहासाची: २०२२ मध्ये याच यानाने आपली दिशा सांगणारी माहिती विचित्र पाठवायला सुरुवात केली होती, आणि शेवटी निघालं असं की ती माहिती वर्षानुवर्षं बंद पडलेल्या एका कॉम्प्युटरमार्गे येत होती. ही तिसरी लिंक टाकली की बातमी नुसती "चमत्कार" राहत नाही, म्हातारं यान सांभाळणं हे सतत चालू असलेलं काम आहे हे आपोआप कळतं, तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

वादाचा विषय असेल तर एक लिंक विरुद्ध बाजूची हवीच, आणि ती त्या बाजूची सगळ्यात चांगली मांडणी असलेली हवी, सगळ्यात बावळट नव्हे. यात वेळ जातो पण हे केलं की तुमच्याशी सहमत नसलेले लोकही साइट वाचत राहतात.

तीन, फार तर चार. त्याहून जास्त लिंका दिल्या की कोणीच एकही उघडत नाही. विकिपीडियाची लिंक सवयीने चिकटवू नका, ती शोधून काढणं कोणालाही जमतं. हां, विकिपीडियाच्या लेखाच्या तळाशी जे संदर्भ असतात तिथून मात्र कित्येकदा सोनं मिळतं, तिथे जाऊन एखादा जुना रिपोर्ट किंवा मुलाखत सापडली तर थेट ती द्या.

आणि सगळ्यात दुर्लक्षित लिंक म्हणजे तुमच्याच जुन्या नोंदीची. "यावर मागे हे टाकलं होतं" असं म्हणून मागची नोंद जोडा, आणि त्या जुन्या नोंदीत जाऊन "याचं पुढे काय झालं ते इथे" अशी ओळही घाला. सुरुवातीला याचा काही उपयोग वाटत नाही, पण वर्षभराने साइटमध्ये अशा साखळ्या तयार होतात की एखाद्या विषयावर काय काय घडत गेलं ते एका जागी दिसतं. हे सोशल मीडियाच्या कुठल्याही फीडमध्ये मिळत नाही, तिथे कालचं आज नसतंच.

लिंक कुठून मिळाली तेही सांगा. दुसऱ्या कोणाच्या साइटवर सापडली असेल तर शेवटी "अमुक यांच्याकडून" आणि त्यांची लिंक. यात शिष्टाचार आहेच, पण वाचणाऱ्याचा फायदाही आहे, त्याला अजून एक चांगली जागा कळते.

लिंकचे शब्द नीट निवडा. "इथे क्लिक करा", "हे", "लिंक" यावर लिंक लावू नका. दिसत नसल्यामुळे स्क्रीन रीडर वापरणारे कित्येक लोक पानावरच्या नुसत्या लिंका एकामागून एक ऐकतात, त्यांना "इथे, इथे, इथे" ऐकू येतं. "अँटेना आत्ता कोणाशी बोलतायत" या शब्दांवर लिंक लावली की डोळे असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही कळतं पुढे काय आहे. पीडीएफ असेल, लांबलचक व्हिडिओ असेल, पैसे भरावे लागत असतील, दुसऱ्या भाषेत असेल, तर ते लिंकशेजारीच लिहा. आणि यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर यूटीएम वगैरेची जी शेपटी असते ती छाटून टाका, ती फक्त कोण कुठून आलं ते मोजायला असते, ती काढल्याने पान उघडायचं थांबत नाही, एकदा उघडून खात्री करून घ्या म्हणजे झालं.

सापडायचं कुठून

आरएसएस फीड रीडर वापरा (साइट आपलं नवं लिखाण फीडमधून देतात, रीडर ती सगळी फीड एका जागी दाखवतो), हा सल्ला जुना वाटेल पण याला पर्याय नाही. फीडली, इनोरीडर, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर फ्रेशआरएसएस, मिनिफ्लक्स. यात तुम्ही निवडलेल्या साइटचं सगळं येतं आणि तुम्ही न निवडलेलं काही येत नाही. यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवता येते, गूगल रीडर बंद झालं तेव्हा लोक हीच फाइल घेऊन दुसरीकडे गेले, तेव्हा ती अधूनमधून काढून ठेवा.

यादीत काय घ्यायचं? सगळे जे वाचतात तेच तुम्ही वाचलं तर सगळे जे टाकतात तेच टाकाल. म्हणून मोठ्या न्यूज साइट कमी, आणि एकाच विषयात बुडालेली माणसं जास्त, कोणी फक्त नकाशांवर लिहितं, कोणी जुन्या पुलांवर, कोणी किड्यांवर. म्युझियम आणि लायब्ररीच्या साइट, संशोधन संस्थांची बातम्यांची पानं, सरकारी ऑडिट रिपोर्ट, कोर्टाचे निकाल, हे वाचायला कोणी जात नाही म्हणूनच तिथे न फिरलेल्या गोष्टी मिळतात. सायन्सच्या बातम्या एकाच तासात सगळीकडे का येतात माहितीये? मोठी जर्नल पत्रकारांना पेपर आधी देतात आणि अमुक वेळेपर्यंत छापू नका अशी अट घालतात, ती वेळ संपली की सगळे एकदम छापतात. त्या गर्दीत आपण पंचविसावे होण्यात अर्थ नाही.

सापडलं की लगेच टाकू नका, एका ढिगात ठेवा. नोट्स अॅप, बुकमार्क, काहीही चालेल, सोबत "का ठेवलं" हे पाचसहा शब्दांत. दुसऱ्या दिवशी ढीग बघा. काल जे जबरदस्त वाटलं होतं त्यातलं निम्मं आज फिकं दिसतं, ते सरळ उडवा. एक दिवस थांबून जे टिकलं तेच साइटवर.

साइट उभी करताना

यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि नोंद एकही लिहीत नाहीत, म्हणून थोडक्यात. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घ्या, बाकी कशावर तडजोड केली तरी चालेल. डोमेन तुमचं असेल तर होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, कितीही वेळा बदला, वाचणाऱ्याला पत्ता तोच राहतो. नेहमीची डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतात, ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि रिन्यूची मेल जिथे येते तो मेल चालू ठेवा. कार्डची मुदत संपली आणि मेल बघितली नाही एवढ्यावरून डोमेन जातात.

चालवायला वर्डप्रेस घ्या किंवा ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी असं स्टॅटिक, म्हणजे तयार पानं बनवून सर्व्हरवर ठेवणारं काहीतरी. फोनवरून लिहायचं असेल, कमांड वगैरे नको असेल तर वर्डप्रेस. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायला आवडत असेल तर स्टॅटिक, त्याला हॅक होण्याची भीती जवळजवळ नाही आणि सगळं लिखाण तुमच्या कॉम्प्युटरवर फाइल म्हणून असतं. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित कनेक्शन, लावायला पैसे लागत नाहीत, लेट्स एन्क्रिप्ट फुकट सर्टिफिकेट देतं आणि बऱ्याच होस्टिंगवर ते आपोआप लागतं.

प्रत्येक नोंदीला स्वतःचं पान आणि स्वतःचा कायमचा पत्ता हवा, नुसतं एक लांब पान चालणार नाही, नाहीतर कोणाला तुमच्या एका नोंदीची लिंक द्यायची तर तो देणार काय. पत्त्यात साल, महिना आणि एकदोन शब्द. मराठीत लिहीत असलात तरी पत्त्यातले शब्द रोमनमध्ये ठेवा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत) तीन बाइटचं असतं आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटचे तीन कॅरेक्टर होतात, म्हणजे एका अक्षराला नऊ, काना मात्रा वेलांटीला परत नऊ नऊ. चार शब्दांचा पत्ता पेस्ट केला की स्क्रीनभर टक्केवारीच्या खुणा. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगा, ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, स्क्रीन रीडरलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते कळतं. दोन ओळींतलं अंतर जरा सैल ठेवा, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसले की वाचणारा दमतो.

साइटचं आरएसएस फीड पूर्ण मजकुराचं द्या, अर्धवट तोडून "पुढे वाचा" नको. लिंकांच्या साइटला एक बारीक निर्णय घ्यावा लागतो, नोंदीच्या हेडिंगवर क्लिक केलं की बाहेरचा लेख उघडावा की तुमचं पान? दोन्ही चालतं. जॉन ग्रुबर यांच्या डेअरिंग फायरबॉल या साइटवर अशा नोंदींचं हेडिंग सरळ बाहेर नेतं आणि त्यांच्या स्वतःच्या पानासाठी शेजारी छोटी चांदणी असते. मला हेच बरं वाटतं, मूळ लेखावर जायचा रस्ता सगळ्यात मोठा असावा. काहीही ठरवा पण सगळीकडे एकच ठेवा.

टॅग आठदहा पुरे, सर्च बॉक्स हवा, महिन्यावार जुन्या नोंदींची यादी हवी, झालं.

लिंका मरतात

हा भाग नवीन लोकांना कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अहवालात दिसलं की २०१३ साली असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. बातम्यांच्या साइटवरच्या २३ टक्के पानांवर निदान एक मेलेली लिंक होती. आपली अख्खी साइटच लिंकांवर उभी आहे, म्हणजे काही केलं नाही तर दहा वर्षांत तिचा मोठा तुकडा गळून पडणार.

म्हणून नोंद टाकतानाच ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करा, तिथे "सेव्ह पेज नाऊ" म्हणून सोय आहे, पत्ता टाकायचा आणि थांबायचं. काही साइट सेव्ह होऊ देत नाहीत, तिथे महत्त्वाच्या ओळी उतारा म्हणून नोंदीत घ्या. नोंदीत लिंक मूळ पानाचीच द्या, लिहिणाऱ्याला वाचक मिळायला हवेत. ते मेलं की मग आर्काइव्हची लिंक लावा आणि "मूळ पान आता नाही" असं लिहा. आणि तुमच्या नोंदीत साइटचं नाव, लेखकाचं नाव, लेखाचं नाव हे साध्या शब्दांत असेल तर लिंक मेल्यावरही माणूस शोधू शकतो, हेही चार ओळी नीट लिहिण्याचं एक कारण.

तीनचार महिन्यांतून एकदा लिंक चेकर, म्हणजे मेलेल्या लिंका शोधणारा प्रोग्रॅम, चालवा, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा ऑनलाइन आहे, कमांड लाइन चालत असेल तर लाइची नावाचा चेकर वेगाने करतो. पण चेकर सगळं पकडत नाही. काही साइट पान नसतानाही "सगळं ठीक" असं उत्तर देतात. त्याहून वाईट म्हणजे डोमेन सुटलं आणि जुगारवाल्यांनी घेतलं, चेकरला लिंक जिवंत दिसते आणि तुमचा वाचक कॅसिनोत पोचतो. जुन्या छोट्या साइटच्या लिंका म्हणूनच हाताने उघडून बघा.

आपण दुसऱ्यांकडून जी अपेक्षा करतो ती आपणही पाळायची, एकदा दिलेला पत्ता बदलायचा नाही. वेब बनवणाऱ्या टिम बर्नर्स ली यांनी १९९८ मध्येच हे कळकळीने लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. साइटची रचना बदलावीच लागली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (पान कायमचं हलवलंय असं सांगून आपोआप पुढे नेणारी सोय) लावा, एकूण एक पानाला.

नोंदीत काही चुकलं तर गुपचूप पुसू नका, खाली तारीख टाकून "दुरुस्ती" लिहा. स्पेलिंग वगैरे असेल तर सरळ सुधारा, आकडा किंवा दावा चुकला असेल तर सांगूनच. कोणी तुम्हाला पैसे देऊन किंवा वस्तू फुकट देऊन लिंक टाकायला सांगेल, साइट थोडी चालायला लागली की या मेल येतातच. माझ्या मते नको. पण घेतलेच तर त्या नोंदीच्या पहिल्या ओळीत सांगा.

किती टाकायचं आणि किती जणांनी वाचायचं

आर्ट्स अँड लेटर्स डेली तीन टाकत आली. तुम्हाला आठवड्याला तीन जमल्या तरी पुष्कळ, पण दिवस भरायला म्हणून काही टाकू नका. वाचणाऱ्याला रिकामा दिवस खटकत नाही, फुसकी लिंक खटकते. आरएसएसवाल्यांना तर रिकामा दिवस कळतही नाही.

किती लोक आले ते रोज बघू नका. बघितलंत की हळूहळू जे चाललं तेच टाकायला लागाल, आणि लोक जिथे तिथे बघतायत तेच तुमच्याकडेही दिसायला लागेल. त्याऐवजी पानाच्या तळाशी एक मेल आयडी ठेवा. "तुम्ही पुलांवरचं ते टाकलं होतं ना, मी त्याच खात्यात काम केलंय, त्यात एक गोष्ट राहिली" अशी एखादी मेल आली की ती वाचून बघा, पुढची नोंद तिथूनच निघते, आणि नाव देऊ का असं विचारून श्रेय द्या.

सोशल मीडियावर टाकायचं असेल तर जरूर, पण आधी साइटवर, मग तिकडे साइटच्या लिंकसकट. उलट करू नका, नाहीतर चांगल्या ओळी तिकडे लिहिल्या जातात आणि साइटवर नुसता सांगाडा राहतो.

सुरुवात करताना कोणाला न सांगता दहा नोंदी लिहून टाका. दहा झाल्या की वरून खाली एका दमात वाचा. लिंका न उघडता त्या दहा नोंदींतून काही कळतंय का, सगळ्या एकाच साइटवरून तर आल्या नाहीत ना, फोनवर नीट दिसतायत का, फीड रीडरमध्ये तुमचंच फीड घालून बघितलंत का. एवढं झालं की ज्या चारपाच जणांना तुम्ही एरवी मेसेजवर लिंका पाठवायचात त्यांना साइटचा पत्ता पाठवा.